हॅलो, माणूस बोलतोय की मशीन?

समजा, रायपूरच्या तात्यापारा भागातलं एक जुनं मराठी घर आहे. अंगणात तुळस, घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर पाऊल टाकलं की हिंदी-छत्तीसगढी. नागपूरकर भोसल्यांच्या अमलात आणि पुढे नोकरीधंद्याच्या निमित्ताने या शहरात येऊन स्थिरावलेली मराठी घरं रायपूरला नवी नाहीत. या घरातले आजोबा बहात्तर वर्षांचे. चाळीस वर्षं बिडी ओढली. छत्तीसगढ म्हणजे तेंदूपत्त्याचा मुलूख, बिडीला इथे काय तोटा! आवाज घोगरा झाला तेव्हा 'हवा बदलली असेल' म्हणून सोडून दिलं. मग हळद-दूध झालं, मधाचं चाटण झालं, ज्येष्ठमध झाला. चार महिन्यांनी कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे गेले, तेव्हा स्वरयंत्राचा कॅन्सर निघाला. ऑपरेशन झालं, स्वरयंत्र काढावं लागलं. आजोबा वाचले.

आता ते गळ्याला टॉर्चएवढं एक यंत्र टेकवून बोलतात. पहिले चार दिवस नातवंडं बावरली. पंधरा दिवसांत सगळं घर सरावलं, भाजीवालासुद्धा सरावला. अडचण आली ती फोनची. पुण्याहून मुलीने फोन केला, आजोबा हौसेने बोलायला बसले आणि पलीकडून उत्तर आलं, "बाबा, नुसतं घूं घूं ऐकू येतंय हो. आईला द्या ना फोन." बँकेतून फोन आला. "हॅलो, हॅलो, कौन बोल रहे हैं?" आणि खट्! एखादं मशीन बोलतंय असं वाटून बँकेतल्या मुलाने फोन ठेवून दिला.

हे घर आणि हे आजोबा कल्पनेतले, पण अडचण अगदी खरी आहे. स्वरयंत्र काढलेल्या, लकव्याने जीभ जड झालेल्या, कंपवाताने आवाज खोल गेलेल्या, थायरॉइडच्या ऑपरेशननंतर स्वरतंतूची हालचाल थांबलेल्या असंख्य माणसांची ती अडचण आहे. समोर बसलं की यांचं बोलणं कळतं, फोनवर कळत नाही. घरचे म्हणतात, "नेटवर्क नाही." नेटवर्कच्या चारही काड्या भरलेल्या असतात! गोष्ट वेगळीच आहे. मोबाइल फोन माणसाचा आवाज जसाच्या तसा पाठवतच नाही. तो आवाज दाबतो, चुरगाळतो, घडी घालतो आणि पलीकडे नव्याने उलगडतो. ही घडी कोणत्या मापाने घालायची, ते माप निरोगी गळ्यावरून घेतलेलं आहे.

हे समजायला थोडं मागे जावं लागेल, थेट तारेपर्यंत.

ज्यांनी तारघरात रांग लावली आहे त्यांना आठवत असेल, तारेत शब्दाला पैसे पडायचे. म्हणून शुभेच्छांच्या तारांसाठी खात्याने एक युक्ती काढली होती. दिवाळी, नवं वर्ष, लग्न, परीक्षेतलं यश अशा प्रसंगांची तयार वाक्यं छापून त्यांना क्रमांक दिलेले होते. आपण फक्त क्रमांक लिहून द्यायचा. तारेवरून तेवढा आकडाच जायचा आणि पलीकडचा बाबू आपल्या यादीत तो क्रमांक पाहून अख्खं वाक्य कागदावर उतरवायचा. पैसे वाचले, तारेवरची गर्दी वाचली. खर्च झाला तो एकाच गोष्टीचा. आपल्या मनात जे होतं ते यादीत नसलं, तर त्यातल्या त्यात जवळचं वाक्य निवडायचं. आपल्या देशातली तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ती यादीची युक्ती मेलेली नाही. ती आज प्रत्येकाच्या खिशातल्या मोबाइलमध्ये दर सेकंदाला पन्नास वेळा वापरली जाते.

कशी, ते पाहा. लँडलाइनच्या डिजिटल एक्स्चेंजमध्ये आवाजाची सेकंदाला ८,००० मोजमापं घेतात आणि प्रत्येक मोजमापाला ८ बिट देतात. म्हणजे सेकंदाला ६४,००० बिट. तारेचा जाड केबल असेल तर हे परवडतं. पण मोबाइलचा संदेश हवेतून जातो आणि हवेतली जागा फार महाग. ३१ जुलै १९९५ला ज्योती बसूंनी कोलकात्याहून सुखराम यांना देशातला पहिला मोबाइल कॉल केला, तेव्हापासून आपल्याकडे जी जीएसएम पद्धत रुजली, तिने या ६४,००० बिटांचे १३,००० केले. म्हणजे जेमतेम पाचवा हिस्सा! पुढे गर्दी वाढली तशी आणखी काटकसर आली. एक 'अर्धी' पद्धत निघाली, तिच्यात सेकंदाला अवघे ५,६०० बिट. नंतरच्या एका पद्धतीत नेटवर्क फारच तुंबलं तर ४,७५० बिटांवरही भागवतात. एका माणसाच्या जेवणाचं धान्य तेरा-चौदा पानांत वाढायचं, असा हा प्रकार.

एवढी काटकसर जमते कशी? तर माणसाच्या गळ्याची रचना ओळखून. फुप्फुस म्हणजे पेटीचा भाता. स्वरतंतू म्हणजे आतली पट्टी, जी थरथरते आणि सूर काढते. घसा, जीभ, टाळू, ओठ यांची मिळून एक पोकळी होते, ती त्या सुराला 'आ', 'ई', 'ऊ' असे आकार देते. मग सगळा आवाज पाठवायची गरज काय? सेकंदाच्या पन्नासाव्या भागात पोकळीचा आकार कसा होता, पट्टी कोणत्या सुरात थरथरत होती, एवढं कळवलं की झालं. पलीकडचा फोन तेवढ्यावरून आवाज पुन्हा रचतो. आणि निरोगी गळ्याची थरथर अगदी शिस्तीची असते. एक कंप झाला की पुढचा जवळजवळ तसाच येणार. म्हणून फोन प्रत्येक कंप नव्याने सांगत बसत नाही. 'मघाचाच पुन्हा, इतक्या अंतरावर, एवढ्या जोराने' इतकंच सांगतो. जे उरतं त्यासाठी तारखात्यासारखी यादी असते. हजारो छोट्या छोट्या नमुन्यांतून सर्वांत जवळचा निवडायचा आणि त्याचा क्रमांक पाठवायचा.

या विद्येचा एक मोठा पुरुष भारतीय आहे, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. बिष्णू अटल. जन्म १९३३, कानपूरचा. लखनौ विद्यापीठात आणि बंगळूरच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समध्ये शिकले, काही काळ तिथेच ध्वनिशास्त्र शिकवलं आणि १९६१ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजमध्ये गेले. मागच्या मोजमापांवरून पुढच्याचा अंदाज बांधण्याची पद्धत त्यांनी साठीच्या दशकाच्या अखेरीस आवाजाला लावली. त्याच सुमाराला जपानमध्ये इताकुरा आणि सायतो हेही त्याच वाटेने निघाले होते. १९८५ मध्ये अटल आणि मानफ्रेड श्रोडर यांनी ती यादीची पद्धत मांडली. तेव्हा एक सेकंदाचं बोलणं दाबायला क्रे-१ या महासंगणकाला १२५ सेकंद लागले होते! आज तेच काम नातवाच्या हातातला फोन बोलता बोलता करतो. मोबाइल फोन गरिबाच्या हातात आला त्यात या माणसाचा वाटा फार मोठा आहे, तेव्हा त्यांच्या विद्येला नावं ठेवण्याचं कारण नाही. प्रश्न एवढाच आहे की शिस्तीची थरथर गृहीत धरलेली असताना बेशिस्त गळा समोर आला तर काय होतं?

इथे एक विलक्षण गंमत आहे. टेलिफोनचा जन्मच मुळी बोलण्या-ऐकण्याच्या अडचणीतून झाला. अलेक्झांडर ग्रॅहम बेल हे बहिऱ्या मुलांचे शिक्षक. त्यांची आई बहिरी, बायको मेबल बहिरी. १८७६ मध्ये त्यांनी टेलिफोनचं पेटंट घेतलं. त्यांच्या नावाच्या प्रयोगशाळेने १९२९ मध्ये स्वरयंत्र काढलेल्या माणसांसाठी कृत्रिम स्वरयंत्र तयार केलं आणि १९६० मध्ये त्याचा ट्रान्झिस्टरवर चालणारा, गळ्याला टेकवायचा अवतार आणला. आपल्या कल्पनेतल्या आजोबांच्या हातात जे यंत्र आहे ते त्याचंच वंशज. म्हणजे यंत्राने बोलायची सोय आणि बोलणं दाबायची विद्या या दोन्ही गोष्टी एकाच संस्थेत वाढल्या, आणि आज फोनवर दोघींचं पटत नाही. एका घरातल्या दोन जावा असाव्यात तसं!

न पटण्याची कारणं बारकाईने पाहण्यासारखी आहेत.

पहिलं कारण सुराचं. पुरुषाचा आवाज बोलताना साधारण १०० ते १३० कंपांच्या आसपास असतो, बाईचा २००च्या आसपास. सुरुवातीच्या जीएसएम पद्धतीने दोन कंपांतलं अंतर शोधायला खिडकी ठेवली ती सुमारे ६७ ते २०० कंपांची. पण स्वरयंत्र काढलेली कित्येक माणसं यंत्राशिवाय, अन्ननलिकेत हवा घेऊन ती ढेकरासारखी सोडत बोलायला शिकतात. हे शिकणं सोपं नाही, महिनोन् महिने लागतात. तो आवाज ६०-७० कंपांपर्यंत खाली उतरतो आणि मुख्य म्हणजे एकसारखा नसतो. फोन 'मघाचाच पुन्हा' म्हणायला जातो, तर पुढचा कंप मघासारखा नसतोच. उरलेला फरक सांगायला जेवढे बिट हवेत तेवढे शिल्लक नसतात. मग यादीतून जवळचा नमुना उचलला जातो, तो चुकीचा असतो. घोगरा आवाज पलीकडे फाटका होऊन पोचतो. नंतरच्या पद्धतींनी ही खिडकी बरीच रुंद केली आहे, पण अनियमित थरथरीचा प्रश्न खिडकी रुंद करून सुटत नाही.

दुसरं कारण अक्षरांचं आणि ते मराठीत जास्त जाचतं. 'क' आणि 'ग' यांच्या उच्चारात जीभ एकाच जागी टेकते. फरक एवढाच की 'ग'च्या वेळी स्वरतंतू थरथरतात, 'क'च्या वेळी थांबतात. गळ्याला टेकवलेलं यंत्र सलग गुणगुणत असतं, ते मधेच पाव क्षण थांबू शकत नाही. म्हणून आजोबांचा 'काय' ऐकणाऱ्याला 'गाय' वाटतो, 'तार'चं 'दार' होतं, 'पाट'चं 'बाट'. शिवाय स्वरयंत्र काढल्यावर श्वास तोंडावाटे जात नाही, मानेवर केलेल्या छिद्रातून जातो. त्यामुळे श्वासाचा 'ह' जवळजवळ नाहीसा होतो. ख, घ, भ यांसारखी महाप्राण अक्षरं बोथट होतात. डॉक्टरांना सांगायचं आहे 'हात दुखतो' आणि ऐकू जातं 'आत दुखतं'! समोरासमोर असताना ओठ दिसतात, हात दाखवलेला दिसतो, संदर्भ कळतो. फोनवर कान एकटा पडतो. त्यात जुन्या पद्धतीच्या फोनवरून ३०० ते ३,४०० कंपांच्या बाहेरचा आवाज जातच नाही. 'स', 'श', 'फ' यांची ओळख पटवणारी बरीचशी सळसळ याच्या वर असते, ती आधीच कापलेली. धडधाकट माणसालाही 'सात की साठ?' असं विचारावं लागतं, तिथे आजोबांची काय कथा.

तिसरं कारण सर्वांत घातक, कारण ते कुणाच्या लक्षात येत नाही. फोन सतत ठरवत असतो की माणूस बोलतोय की गप्प आहे. गप्प असेल तर बॅटरी आणि हवेतली जागा वाचवायला तो पाठवणंच थांबवतो. पलीकडच्या माणसाला फोन मेला असं वाटू नये म्हणून त्याचा फोन स्वतःच एक बारीक खरखर तयार करून ऐकवतो. म्हणजे आपण ऐकतो ती शांतता पुष्कळदा बनावट असते! आता कंपवाताच्या रुग्णाचा आवाज हळू आणि श्वासभरला असतो. वाक्याच्या शेवटी तो आणखी खाली जातो. फोनला ते बोलणं वाटत नाही, पंख्याचा वारा वाटतो. तो शेवटचे दोन शब्द गाळून टाकतो. तोतरं बोलणाऱ्या माणसाचा शब्द अडकतो, मध्ये दोन-तीन सेकंदांची शांतता पडते आणि पलीकडचा 'लाइन कट झाली' म्हणून फोन ठेवतो. स्मार्टफोन आले तशी यात आणखी एक भर पडली. मागचा गोंगाट गाळणारी गाळणी. या गाळणीची साधी ओळख अशी की जो आवाज सलग आणि एकसुरी, तो गोंगाट. पंखा, कूलर, पाण्याचा पंप. आजोबांच्या यंत्राचा आवाज कसा आहे? सलग आणि एकसुरी! रायपूरच्या मे महिन्यात ज्या गाळणीने कूलरची घरघर गाळावी अशी आपली अपेक्षा असते, तीच गाळणी आजोबांनाही कूलर समजते.

हे कुणाच्या लक्षातच आलं नाही असं मात्र नाही. कॅनडातल्या वेस्टर्न ऑन्टॅरिओ विद्यापीठातले डोनाल्ड जेमिसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्येच हा प्रश्न हातात घेतला होता. आवाजात दोष असलेल्या माणसांचं बोलणं त्यांनी वेगवेगळ्या दाबण्याच्या पद्धतींतून पाठवून पाहिलं, त्यात जीएसएमचीही पद्धत होती. पलीकडे स्वर-व्यंजनं किती कळतात हे मोजलं. २००२ मध्ये त्यांनी दुसरा भाग प्रसिद्ध केला, तो आवाजाच्या दर्जाविषयी. पण अशा अभ्यासांची जागा ग्रंथालयात राहते. फोनची पद्धत मुक्रर करण्यासाठी ज्या रूढ चाचण्या होतात, त्यांत साधारण बोलणाऱ्या स्त्री-पुरुषांचीच वाक्यं ऐकवतात आणि ऐकणारे त्यांना पाचपैकी गुण देतात. शिंप्याने सगळ्या शहराचे कपडे एकाच धडधाकट तरुणाच्या मापाने बेतावेत आणि पाठीला बाक असलेल्याला 'तुम्हीच वाकडे' म्हणावं, यातला हा प्रकार आहे. यात कुणाचा दुष्टावा नाही. विचारच केला गेला नाही, एवढंच, आणि ते पुरेसं वाईट आहे.

आता परिस्थिती काहीशी सुधारली आहे हेही सांगितलं पाहिजे. सप्टेंबर २०१६ पासून आपल्याकडे फोर-जीवरून बोलण्याची सोय मोठ्या प्रमाणावर आली. तिच्यातली रुंद पट्ट्याची पद्धत सुमारे ५० ते ७,००० कंपांपर्यंतचा आवाज नेते. 'स' आणि 'श' परत मिळतात, खालचा खर्जही मिळतो. मात्र अट अशी की दोन्ही टोकांचे फोन आणि मधलं जाळं, सगळ्यांनी ती पद्धत चालवली पाहिजे. रायपूर शहरात ती चालेल, आणि बस्तरकडे जाताना एखाद्या गावात फोन पुन्हा टू-जीवर उतरला की सगळं मुसळ केरात. इंटरनेटवरून होणाऱ्या कॉलसाठी २०१२ मध्ये ओपस नावाची खुली पद्धत ठरली. व्हॉट्सॲपनेही ती वापरली. इंटरनेट चांगलं असेल तर तिचा आवाज साध्या कॉलपेक्षा भरीव येतो. म्हणून पुष्कळ घरांत असा अनुभव येतो की साध्या फोनवर न कळणारे बाबा व्हिडिओ कॉलवर कळतात. त्यात ओठही दिसतात, हा दुहेरी फायदा.

दुसऱ्या बाजूने एक नवी गोष्ट येऊ घातली आहे आणि तिच्याकडे जरा सावधपणे पाहायला हवं. आता आवाज दाबण्याचं काम कृत्रिम बुद्धिमत्तेकडे जातं आहे. गुगलने २०२१ मध्ये लायरा नावाची पद्धत आणली, ती सेकंदाला ३,००० बिटांत बोलणं नेते. तिने आधी हजारो तासांचं मानवी बोलणं ऐकलेलं असतं आणि त्या अनुभवावरून ती पलीकडे आवाज नव्याने 'रचते'. साधारण आवाजाला हे उत्तम. पण ज्या आवाजाचा नमुना तिने ऐकलेलाच नाही, त्याचं ती काय करणार? जुनी पद्धत चुकली की खरखर होते, ऐकणाऱ्याला निदान कळतं की काही तरी निसटलं. नवी पद्धत चुकली तर ती गुळगुळीत, स्वच्छ आवाजात भलतंच अक्षर ऐकवेल आणि ऐकणारा फसेल. 'हात'चं 'आत' झालं तरी ते इतकं स्पष्ट असेल की डॉक्टर पुन्हा विचारणारही नाहीत. त्याच गुगलने २०१९ मध्ये युफोनिया नावाने अस्पष्ट बोलणाऱ्या लोकांचे आवाज गोळा करून यंत्रांना शिकवण्याचा प्रकल्प सुरू केला आहे, हे त्यातल्या त्यात बरं. पण असे आवाज मराठीत, छत्तीसगढीत, गोंडीत कोण गोळा करणार?

डॉक्टरांचा विषय निघालाच आहे. मार्च २०२० मध्ये केंद्र सरकारने दूरध्वनीवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम जाहीर केले आणि ई-संजीवनीसारख्या सेवेतून लाखो लोक घरबसल्या डॉक्टरांशी बोलू लागले. छत्तीसगढसारख्या जंगलांच्या आणि लांब अंतरांच्या राज्यात ही मोठी सोय आहे. पण घशाच्या रोगात आवाज हाच पुरावा असतो. घोगरेपणा किती, श्वास किती निसटतो, थरथर किती अनियमित, यावर डॉक्टर आणि वाचा-उपचारतज्ज्ञ अंदाज बांधतात. तो पुरावा फोनने आधीच चुरगाळलेला असेल तर अंदाज चुकणार. चांगला आवाज वाईट वाटेल, किंवा वाईट आवाज यादीतल्या नमुन्यांनी बरा भासेल. माद्रिदच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवलं की एमपी३ पद्धतीने सेकंदाला ६४ हजार बिटांपर्यंत दाबलेला आवाज यंत्राकडून आवाजाचा दोष ओळखून घ्यायला पुरतो. साध्या मोबाइल कॉलमध्ये त्याच्या पाचव्या हिश्शाएवढेही बिट बहुधा नसतात. तेव्हा डॉक्टरांना आवाज पाठवायचाच असेल तर फोनवरच्या रेकॉर्डरमध्ये शांत खोलीत 'आ' लांबवून म्हणावं, चार वाक्यं वाचावीत आणि ती फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी. सारखी फॉरवर्ड होत आलेली क्लिप नको. आणि घोगरेपणा तीन आठवड्यांहून जास्त टिकला तर फोनचा नाद सोडून सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरांपुढे जाऊन बसावं. रायपुरात मेडिकल कॉलेजचं रुग्णालय, ज्याला सगळं शहर 'मेकाहारा' म्हणतं, तिथे प्रादेशिक कॅन्सर केंद्र आहे. २०१२ पासून एम्सही आहे. एके काळी 'टाटाला न्या' म्हणून परळपर्यंत रात्रभराचा रेल्वे प्रवास करावा लागे, ती वेळ आता प्रत्येकावर येत नाही.

बोलण्याचे मार्गही आता एकाहून अधिक आहेत. व्हिएन्नात बिलरोथ यांनी १८७३ मध्ये कॅन्सरसाठी पहिल्यांदा संपूर्ण स्वरयंत्र काढलं, तेव्हाही रुग्णाला कृत्रिम नळी बसवून बोलतं करण्याची खटपट झाली होती. खरी सोय झाली ती एरिक ब्लॉम आणि मार्क सिंगर यांनी १९८०च्या सुमाराला पुढे आणलेल्या झडपेमुळे. श्वासनलिका आणि अन्ननलिका यांच्यामध्ये बसवलेली ही छोटी सिलिकॉनची झडप फुप्फुसातली हवा वर घेऊन जाते. आवाज खर्जातला पण माणसाचा येतो, फोनवरही यंत्रापेक्षा बरा जातो. अडचण किमतीची. परदेशी झडप हजारो रुपयांची आणि ती ठराविक काळाने बदलावी लागते. बंगळूरचे कॅन्सर शल्यविशारद डॉ. विशाल राव यांनी मित्राच्या मदतीने 'ओम' नावाची झडप तयार केली, तिची किंमत सुमारे ५० रुपये ठेवली. त्या वेळी वर्तमानपत्रांतून ही बातमी बरीच गाजली होती. डॉक्टरांना विचारून पाहण्यासारखी ही गोष्ट आहे.

आणि ज्यांच्या हातात यंत्रच आहे त्यांचं काय? त्यांच्यासाठी काही साध्या युक्त्या आहेत. फोनमधली गोंगाट गाळण्याची सोय बंद करता येते का ते सेटिंगमध्ये पाहावं. कित्येक फोनांत आणि मीटिंगच्या ॲपमध्ये 'ओरिजिनल साउंड' किंवा तत्सम नावाने ती बंद करायची सोय असते. स्पीकर फोनवर लांबून बोलू नये. फोन तोंडाजवळ धरावा, पण मानेवरच्या छिद्रासमोर नको, नाही तर श्वासाची फुसफुस शब्दांवर चढते. यंत्र गळ्याला घट्ट टेकलेलं असावं, म्हणजे त्याची मोकळी गुणगुण बाहेर कमी पडते. वाक्य छोटं ठेवावं. 'हो' आणि 'नाही' यांऐवजी 'बरोबर' आणि 'चूक' म्हणावं, कारण 'हो'तला 'ह' पलीकडे पोचत नाही. आकडे एकेक करून सांगावेत, 'साठ' न म्हणता 'सहा-शून्य'. लगेच उत्तर नको असेल तर व्हॉइस मेसेज पाठवावा. तो मुलीला पुन्हा पुन्हा ऐकता येतो आणि घाईही नसते. संकटाच्या वेळी ११२ या क्रमांकाचं ॲप फोनमध्ये असलं तर बटण दाबूनही मदत मागता येते, बोलावं लागत नाही. घरच्यांनी मात्र एक पथ्य पाळावं. "आईला द्या फोन" हे वाक्य शक्यतो टाळावं. बाबांचं एक वाक्य कळायला तीनदा विचारावं लागलं तरी चालेल.

ऑपरेशन अजून व्हायचं असेल तर आणखी एक काम करून ठेवावं. त्याला खर्च काही नाही, अर्धा तास पुरतो. माणसाचा आवाज आधी रेकॉर्ड करून ठेवावा. नातवंडांची नावं, घरातली हाकेची नावं, देवापुढे म्हणायचं ते, एखादी नेहमी सांगितली जाणारी गोष्ट, आणि फोनवर लावायचे दोन निरोप, एक मराठीत, एक हिंदीत. समजा, तात्यापाऱ्यातल्या त्या आजोबांनी हे केलेलं नव्हतं. पण घरात जुन्या कॅसेटी होत्या, महाराष्ट्र मंडळाच्या गणेशोत्सवातल्या एका कार्यक्रमाची एक त्यांत सापडली. आजोबा त्यात निवेदक होते. नातवाने ती कॅसेट फोनमध्ये उतरवून घेतली. त्यात फोनवर लावण्यासारखं वाक्य काही मिळालं नाही, फक्त सुरुवातीचं "नमस्कार मंडळी!" तेवढं खणखणीत होतं. तेवढं कापून त्याच्यापुढे नातवाने स्वतःच्या आवाजात निरोप जोडला. आता बँकेला फोन लावला की आजोबा आधी ती क्लिप वाजवतात. पलीकडच्या मुलाला ऐकू येतं : "नमस्कार मंडळी! मेरे दादाजी का गले का ऑपरेशन हुआ है, वे मशीन से बोलते हैं। कृपया फोन मत रखिए।" आणि मग आजोबा गळ्याला यंत्र टेकवून खाते क्रमांक सांगायला लागतात, एकेक आकडा सुटा करून.